पन्नी, गिट्टी आणि डांबर

राजुऱ्याहून गडचांदूरकडे जाताना एक लहान रस्ता फुटून आत एका गावाला जातो. गावाचे नाव मी सांगत नाही, कारण अशी दोनचार गावे तुमच्याही पंचक्रोशीत असतील. गेल्या उन्हाळ्यात त्या रस्त्यावर नवे डांबर पडले. अक्षय तृतीयेच्या सुमारास तो आरशासारखा होता. पोळ्याला सजवलेले बैल निघाले, तेव्हा ते खड्डे चुकवीत चालत होते. त्या गावचा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "सर, रोडमधी पन्नी टाकतात म्हणते. आमच्या रोडमधी टाकली असती त टिकला असता का?"

मी भूगोल शिकवतो. रस्ते बांधणे हा माझा धंदा नव्हे. पण प्रश्न बिनतोड होता, आणि तो एकट्या त्या मुलाचा नव्हता. तेव्हा मी मिळेल ते वाचले, एका डांबर प्लांटवर अर्धा दिवस उभा राहिलो, आणि शेवटी त्या मुलाबरोबर त्या रस्त्यावरही जाऊन आलो. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम रस्ता मोडतो कसा ते पाहू. आपल्याला वाटते की गाड्यांनी मोडतो. गाड्या मोडतात हे खरेच, पण त्यांच्या आधी पाणी त्याला आतून पोखरून ठेवते. डांबरी रस्ता म्हणजे दगडाचे तुकडे आणि त्यांना धरून ठेवणारे डांबर. आपल्या भागात या तुकड्यांना गिट्टी म्हणतात, पश्चिमेकडे खडी म्हणतात. आता गंमत अशी की बहुतेक दगडांची सोयरीक डांबरापेक्षा पाण्याशी जास्त. ओल्या परातीला तेल लावून पाहा. ते पसरत नाही, थेंबथेंब होऊन सरकते. गिट्टीचेही तसेच आहे. पावसाचे पाणी बारीक भेगेतून आत शिरले आणि तिथे मुक्काम करून राहिले, की ते दगड आणि डांबर यांच्यामध्ये घुसते आणि डांबराला हळूहळू बाजूला सारते. वरून चाक गेले की हेच पाणी दाबाने इकडून तिकडे पळते आणि उरलेसुरले डांबरही सोलून काढते. एक गिट्टी सुटते. ती सुटली की शेजारच्या गिट्टीचा आधार जातो. आठ दिवसांत तिथे बशीएवढा खळगा होतो, पंधरा दिवसांत घमेल्याएवढा.

आपल्या जिल्ह्यात याला उन्हाचीही जोड आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांपर्यंत चढतो हे तुम्हाला सांगायला नको. रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डांबराचा एक प्रकार आहे, त्याला व्हीजी-३० म्हणतात. प्रयोगशाळेच्या ठराविक कसोटीत हे डांबर किमान ४७ अंशांपर्यंत मऊ पडू नये, एवढीच मानकाची अट आहे. आणि हवा ४७ अंशांवर असते तेव्हा काळा रस्ता ६० च्याही पुढे गेलेला असतो. अशा मऊ पडलेल्या रस्त्यावरून कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक जातात. चाकोऱ्या पडतात. पावसाळ्यात त्याच चाकोऱ्यांत पाणी साचते. म्हणजे उन्हाळा जागा करून देतो आणि पावसाळा येऊन बसतो.

आता पन्नीकडे वळू.

मदुराईला त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे राजगोपालन वासुदेवन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. प्लास्टिक कचऱ्याचे करायचे काय, या विचारात त्यांनी २००१ च्या सुमारास प्रयोग सुरू केले. डांबर हा खनिज तेलाचा गाळ. पन्नीचे प्लास्टिकही त्याच खनिज तेलाच्या घराण्यातले. दोघांचे जमायला हवे, अशी त्यांची कल्पना. त्यांच्याआधीही डांबरात प्लास्टिक मिसळून पाहणारे होते. पण गरम डांबरात प्लास्टिक ढवळले की ते नीट एकजीव होत नाही, थोडे स्वस्थ ठेवले की वेगळे होते. वासुदेवनांनी क्रम उलटा केला. प्लास्टिक डांबरात टाकायचेच नाही; ते आधी तापलेल्या गिट्टीवर टाकायचे.

घरच्या माताभगिनींना हे पटकन समजेल. चिवडा करताना आपण तेल, मीठ, तिखट सगळे एका भांड्यात कालवून त्यात मुरमुरे बुडवीत नाही. कढई तापलेली असते, मुरमुऱ्याच्या दाण्यादाण्याला तेलाचा हात लागतो, आणि मग त्या तेलाला तिखट धरते. इथे दाणा म्हणजे गिट्टी, तेलाच्या जागी पन्नी, आणि तिखटाच्या जागी डांबर.

प्लांटवर प्रत्यक्ष होते ते असे. गिट्टी फिरत्या पिंपात १६० ते १७० अंशांपर्यंत तापवतात. स्वच्छ, कोरड्या प्लास्टिकचे दोनचार मिलीमीटरचे बारीक तुकडे करून ठेवलेले असतात. ते या तापल्या दगडांवर सोडतात. पिशव्यांचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिथीन, ११० ते १३५ अंशांच्या दरम्यानच वितळते. त्यामुळे अर्ध्या मिनिटात त्याचा पातळ थर गिट्टीवर चढतो. दगडाच्या अंगावरची बारीक छिद्रे बुजतात. लगेच त्यावर गरम डांबर येते आणि त्या थराला घट्ट धरते. पुढचे काम नेहमीचेच: डंपर, पसरणारे यंत्र, रोलर. वेगळी यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही, आणि खेड्यातल्या रस्त्यांसाठी हा मोठाच फायदा. या दगडाला पाण्याचे आता आकर्षण उरत नाही. त्याने अंगावर झूल घेतलेली असते. शिवाय मिश्रण उन्हात सहजासहजी मऊ पडत नाही. आपल्या दोन्ही दुखण्यांवर, पावसावर आणि उन्हावर, हे औषध नेमके लागू पडते.

हे केवळ कागदावर राहिले नाही. २००२ मध्ये त्या महाविद्यालयाच्या आवारात पहिला रस्ता झाला, मग तामिळनाडूत इतरत्र झाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये एक अहवाल काढला. २००२ ते २००६ या काळात बांधलेले असे काही रस्ते त्यासाठी तपासले होते. त्यांत खड्डे पडलेले, गिट्टी सुटलेली आढळली नाही. २००६ मध्ये पेटंट मिळाले. २०१३ मध्ये भारतीय रस्ते परिषदेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, या पद्धतीची मार्गदर्शिका छापली. तिच्यात डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक वापरावे असे सांगितले आहे. वासुदेवनांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात नागोठणे येथे रिलायन्सने आपल्या कारखान्याच्या परिसरात सुमारे ४० किलोमीटर रस्त्यांत ५० टन प्लास्टिक वापरल्याचे २०२० च्या आरंभी जाहीर केले. राष्ट्रीय महामार्गांपैकी ७०३ किलोमीटरमध्ये ही पद्धत वापरल्याचे २०२१ मध्ये सरकारने सांगितले.

मग आपल्याकडे का नाही? याचे एक साधे उत्तर सरकारी आदेशातच आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरणे सक्तीचे केले, पण ते पाच लाखांवर लोकवस्तीच्या शहरापासून ५० किलोमीटरच्या आत. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची वस्ती सव्वातीन लाखांच्या आत होती. नागपूर आपल्यापासून फार लांब. त्यामुळे त्या सक्तीचा हात राजुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मनाई मात्र कुठेच नाही. ग्रामीण रस्त्यांसाठी या पद्धतीच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना निघालेल्या आहेत, आणि अंदाजपत्रकात ती बाब धरता येते. कोणी धरायला सांगितले तर!

आदेशाने ही मर्यादा घातली, तिच्यामागे कारणही आहे. मोठ्या शहराजवळ प्लास्टिक गोळा झालेले मिळते. रस्त्याला हवे असते ते वेगळे केलेले, धुतलेले, वाळवलेले प्लास्टिक, आणि तेही टनावारी. उकिरड्यावरचे, चिखलाचे, शेणाचे, खरकट्याचे प्लास्टिक प्लांटवर नेले तर प्लांटवाला हात जोडील. ओले प्लास्टिक गिट्टीवर पडले की वाफ होते आणि थर धरत नाही. म्हणून या रस्त्याचे पहिले काम रोलरवर होत नाही, ते स्वयंपाकघराच्या खुंटीवर होते. दुधाची पिशवी कापून, विसळून, खुंटीला अडकवली तर ती रस्त्याच्या कामाची. तीच चुलीजवळ गेली तर?

इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते. पावसाळ्यात सरपण ओले असते. चूल पेटवायला पन्नी बरी, असे म्हणून ती सर्रास जाळली जाते. मी माझ्या नातेवाइकांच्या घरीही पाहिले आहे. आता तुम्ही म्हणाल, प्लांटवर तापवतात ते चालते आणि आम्ही पेटवतो ते चालत नाही, हा कुठला न्याय? न्याय तापमानाचा आहे. प्लांटवर प्लास्टिक फक्त वितळते. त्याचे विघटन होऊन विषारी वायू सुटायला सुमारे २७० अंशांच्या पुढे जावे लागते, आणि तिथे १७० च्या आसपास थांबायचे असते. चुलीत किंवा उकिरड्यावर ते वितळत नाही, पेटते. अर्धवट जळते. तो धूर चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या कडेवरचे मूल आधी घेते. प्लांटवर तापमापीकडे कोणी पाहिले नाही तर तिथल्या मजुरांचेही तेच होईल, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

सगळेच प्लास्टिक रस्त्याला चालते असे मात्र नाही. पीव्हीसी, म्हणजे पाण्याचे कडक नळ, विजेच्या तारांवरचे वेष्टन, जुने रेक्झिन, हे कदापि चालत नाही. त्यात क्लोरीन असते. तापल्यावर आम्लाचा वायू सुटतो. कीटकनाशकांच्या बाटल्याही नाहीत. कापसाचा मुलूख आपला, त्या बाटल्या बांधाबांधावर पडलेल्या दिसतात. पोरांना त्या गोळा करायला सांगू नका, हात लावू देऊ नका. बियाण्यांच्या आणि कुरकुऱ्यांच्या चकचकीत पाकिटांत वेगवेगळ्या प्लास्टिकांचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकावर एक चिकटवलेले असतात, त्यामुळे भंगारवाला ती घेत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीचा माल १४०० अंशांच्या वर तापतो. तेवढ्या उष्णतेत असे प्लास्टिक कोळशाबरोबर पूर्ण जळते, आणि देशातल्या अनेक सिमेंट कारखान्यांत ते इंधन म्हणून वापरतात. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही अशा मोठ्या भट्ट्या ज्यांच्या दारात आहेत, त्या आपल्या तालुक्यांना ही वाट फार लांबची नाही.

आणि खऱ्र्याची पन्नी? हा प्रश्न मला चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाहेर कोणी विचारणार नाही, पण आपल्याकडे तो पहिला येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून ज्या चौकोनी तुकड्यात बांधतात, ते पातळ प्लास्टिक जातीने रस्त्याला चालण्यासारखे आहे. पण चुन्याने आणि थुंकीने माखलेली ती पन्नी पानठेल्यापासून शाळेच्या पायरीपर्यंत एकेक करून वेचायची कोणी? माझे मत विचाराल तर तिचा उपाय रस्त्यात नाही, खर्रा सोडण्यात आहे. असो.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सांगतो. सातवी-आठवीच्या वर्गात तो सहज होतो आणि खर्च काही नाही. एक बादली पाणी घ्या. त्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. दुधाची धुतलेली पिशवी, खताच्या गोणीचा धागा, पाण्याच्या बाटलीचा तुकडा, तिचेच झाकण आणि पीव्हीसी नळाचा कपटा, असे नखाएवढे तुकडे करा. प्रत्येक तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. पिशवी, गोणीचा धागा आणि झाकण वर येईल. बाटली आणि नळ तळाशी बसतील. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके, बाटलीचे पीईटी आणि नळाचे पीव्हीसी पाण्याहून जड. घनतेचा धडा झाला आणि निवडही झाली. तरंगते ते रस्त्याचे, बुडते ते बाजूला, एवढी खूण मुलांना पुरते. पाण्याची बाटली भंगारात विकली जातेच, तिची काळजी नको. चकचकीत पाकिटे मात्र या कसोटीला लावू नका. त्यांतली काही तरंगतात आणि फसवतात. आणि प्लास्टिक जाळून, वासावरून ओळखण्याचा जुना प्रयोग कोणी सांगितला तर तो करू नका.

आता थोडा हिशेब. एकेरी रस्त्याचा, म्हणजे पावणेचार मीटर रुंदीचा, एक किलोमीटर करायला डांबर सुमारे दहा टन लागते असे धरतात. त्याच्या ८ टक्के म्हणजे ८०० किलो प्लास्टिक, आणि तेवढे डांबर वाचते. एक पिशवी एक ग्रॅमची धरली तर आठ लाख पिशव्या झाल्या. आकडा ऐकून छाती दडपते. पण उलटही मोजून पाहा. दोन हजार वस्तीच्या गावाने माणशी महिन्याला फक्त ३५ ग्रॅम स्वच्छ पन्नी जमवली, तर वर्षाला ८४० किलो होतात. एका गावाचे वर्षाचे प्लास्टिक आणि एक किलोमीटर रस्ता, असा हा मेळ बसतो.

परंतु याच हिशेबाचे दुसरे टोक लपवणे बरे नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ या एका वर्षात देशात सुमारे ४१ लाख टन प्लास्टिक कचरा झाला. समजा वर्षाला एक लाख किलोमीटर एकेरी रस्ते या पद्धतीने केले. तरी रस्त्यांच्या पोटात ८० हजार टन जाईल. पन्नासावा भागही नाही. तेव्हा रस्ते आहेत, आता पिशव्या खुशाल वापरा, असे कोणी म्हणू लागला तर त्याला हा भागाकार करून दाखवा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी देशभरच बंद आहे. आठवडी बाजारात ती अजून दिसते ही गोष्ट वेगळी.

आणखी एक आक्षेप विचारी लोक घेतात. रस्ता झिजतो, त्याबरोबर प्लास्टिकचे बारीक कण धुळीत आणि पुढे नाल्यात जाणार नाहीत का? आक्षेप रास्त आहे. टायर झिजतात त्यांचे कण जातातच, त्यात यांची भर नको. थर डांबराखाली घट्ट बसला असेल तर झीज कमी. तापमान किंवा प्रमाण चुकले तर जास्त. म्हणून हे काम अंदाजपंचे करण्यासारखे नाही. आणि असा रस्ता उखडून नवा करताना जुने डांबर खरवडून पुन्हा वापरावे. ते शेताच्या धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतले, तर सगळी मेहनत पाण्यात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे त्या रस्त्यावर गेलो. एका मोठ्या खड्ड्याच्या कडेला बसून त्याने खुरप्याने उकरले. वरचा डांबराचा थर बोटाच्या दोन पेरांएवढाही नव्हता. त्याखाली गिट्टी थोडी, मुरूम नावाला, आणि लगेच काळी माती. पाऊस जाऊन महिना झाला होता, तरी ती माती ओली होती. मुठीत धरली तर गोळा होत होता. दोन्ही बाजूंना नाल्या नव्हत्याच. शेताचे पाणी रस्त्याच्या पोटात, आणि रस्त्याचे पाणी तिथेच.

आपली कापसाची काळी माती कशी आहे हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. तिच्यावर रस्ता करायचा तर खाली मुरमाचा चांगला जाड भराव लागतो, तो दाबावा लागतो, रस्ता शेतापेक्षा उंच घ्यावा लागतो, आणि नाल्या काढाव्या लागतात. पन्नी असते ती फक्त वरच्या, जेमतेम इंचभर थरात. तो थर वरून येणारे पाणी अडवतो. खालून येणाऱ्या पाण्याचे तो काय करणार? नाल्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला छत्री दिल्यासारखे ते झाले.

मी त्याला सांगितले, "नसता टिकला. आधी नाली, मग मुरूम, मग पन्नी." त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "म्हणजे पन्नीचं काम नव्हतंच इथं." तसेही नाही. पाया नीट असता, तर साध्या डांबरापेक्षा पन्नीचा थर आपल्या उन्हात आणि पावसात जास्त वर्षे टिकला असता. ज्या रस्त्याचा पाया शाबूत आहे आणि फक्त वरचा थर नवा करायचा आहे, तिथे ही पद्धत मागावी. मागण्याची जागा ग्रामसभा. अंदाजपत्रक होण्याआधी ठराव हवा. डंपर आल्यावर सांगून उपयोग नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक कचरा केंद्र करण्याची तरतूद आहे. ते कुठे आहे, चालू आहे की नाही, कुटाई यंत्र आहे का, हे पंचायत समितीत विचारता येते. गावाने साठवलेली पन्नी तिथे गेली पाहिजे, कारण प्लांटवाला गावोगाव पिशव्या गोळा करीत फिरणार नाही.

परत फिरताना रस्त्याच्या तोंडाशी एक फलक दिसला. वेलींनी झाकला होता. असे फलक वाचायची सवय आपल्याला नाही, मलाही नव्हती. कामाची लांबी, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर किती वर्षे, हे सगळे त्यावर असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ही मुदत पाच वर्षांची. इतर योजनांत वेगळी असू शकते. त्या मुलाने वेल बाजूला केली आणि वहीत सगळे उतरवून घेतले. मुदत संपायला बराच अवकाश होता. अर्जाचा मसुदा त्याने एस.टी.त बसूनच लिहिला. पहिले कलम नाल्यांचे घातले, दुसरे मुरमाचे. पन्नी तिसऱ्या कलमात आहे.